एका हंड्याचा हिशेब

कला शाखेच्या विद्यार्थ्यांकडे दुसरे काही नसले तरी शब्दांची श्रीमंती असते. जोर, बळ, ताकद, सामर्थ्य, शक्ती, ऊर्जा हे सारे शब्द आम्ही एकाच पेटीतले दागिने समजून आलटूनपालटून वापरतो. कवितेच्या रसग्रहणात कधी 'शब्दांची शक्ती' असते, कधी 'शब्दांतली ऊर्जा' असते, आणि परीक्षकही दोन्हींना सारखेच गुण देतात. पदार्थविज्ञान मात्र या बाबतीत फार काटेकोर आहे. तिथे एका शब्दाला एकच अर्थ. ढकलणे किंवा ओढणे म्हणजे बल. त्या बलामुळे वस्तू बलाच्या दिशेने सरकली, तर घडले ते कार्य. कार्य करण्याची क्षमता ती ऊर्जा. आणि ते कार्य किती झपाट्याने झाले याचे माप म्हणजे शक्ती. चारही एकाच घराण्यातल्या. पण एकीचे लुगडे दुसरीला चालत नाही.

त्यातल्या 'कार्य' या शब्दाने तर आमची चांगलीच करमणूक केली. 'घरात कार्य आहे' असे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मांडव, जेवणावळी आणि रुसलेले पाहुणे उभे राहतात. पदार्थविज्ञानातले कार्य अगदीच कोरडे. बल गुणिले विस्थापन, संपले कार्य! आहेर नाही, अक्षता नाहीत.

दुसऱ्या वर्षाला आम्हाला 'पर्यावरण अभ्यास' हा विषय सक्तीचा आहे. त्यातले ऊर्जेचे प्रकरण शिकवायला शास्त्र शाखेचे एक सर आले होते. त्यांनी व्याख्या फळ्यावर लिहिली आणि मग पाठ्यपुस्तकातले ते प्रसिद्ध उदाहरण दिले. डोक्यावर ओझे घेऊन सपाट रस्त्याने चालणारा हमाल त्या ओझ्यावर काहीही कार्य करीत नाही. ओझ्याला तो जे बल लावतो ते वरच्या दिशेने, आणि ओझे सरकते पुढच्या दिशेने. दोन्ही दिशा काटकोनात, म्हणून कार्य शून्य. वर्ग खदखदून हसला. 'मग सर, हमालाला पैसे कशाचे द्यायचे?' असेही मागच्या बाकावरून कोणी विचारले. मला मात्र त्या हमालाच्या जागी माझी आजी दिसू लागली. तिच्या डोक्यावर चुंबळ होती, चुंबळीवर हंडा, हंड्यावर कळशी आणि एक हात पदराला.

आमचे गाव माण तालुक्यातले. पाऊस आमच्याकडे पाहुण्यासारखा येतो आणि चहासुद्धा न घेता जातो. आजी १९६७ साली लग्न होऊन या गावात आली, आणि १९९७ साली गावात नळाचे पाणी आले. मधली तीस वर्षे तिने विहिरीचे पाणी ओढले. विहीर पाच-सहा परस खोल, म्हणजे साधारण दहा मीटर. घरापासून दोनशे पावलांवर. पोहरा, दोर आणि रहाट हीच त्या वेळची यंत्रसामग्री. माणसांचे, म्हशींचे, धुण्याभांड्यांचे मिळून दिवसाला वीस हंडे तरी लागतच. सरांचा तास संपल्यावर मी वहीच्या शेवटच्या पानावर या पाण्याचा हिशेब मांडला. आयुष्यात प्रथमच मला पदार्थविज्ञानाचे एखादे गणित स्वतःहून करावेसे वाटले.

हंड्यात पंधरा लिटर, म्हणजे पंधरा किलो पाणी. एक किलो वजन एक मीटर उचलायला ९.८ जूल ऊर्जा लागते. पंधरा किलो दहा मीटर उचलायला १४७० जूल. हे झाले एका हंड्याचे मोल. वीस हंड्यांचे २९,४०० जूल. एवढा मोठा आकडा पाहून मला प्रथम बरे वाटले. मग विजेच्या बिलावरचा 'युनिट' म्हणजे काय ते पाहिले. हजार वॅटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट होते. आपली इस्त्री तासभर तापत ठेवली की झाला एक युनिट. त्यात छत्तीस लाख जूल असतात. छत्तीस लाखांना १४७० ने भागले. उत्तर आले सुमारे २४५०.

एका युनिटात दोन हजार चारशे पन्नास हंडे! दिवसाला वीस या हिशेबाने आजीचे चार महिने. आणि तीस वर्षांचे सगळे मिळून दोन लाख एकोणीस हजार हंडे, म्हणजे नव्वद युनिटसुद्धा भरत नाहीत. चार माणसांच्या साध्या घराला महिन्याला येते तेवढे बिल.

सुट्टीत घरी गेल्यावर मी हा हिशेब आजीला सांगितला. ती शेंगा फोडत बसली होती. सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, 'म्हंजी एका बिलात बसलं व्हय गं माझं सारं पानी?' आणि तोंडाला पदर लावून हसली. मग जरा वेळाने म्हणाली, 'आन् पोरी, ही कंबर कुठल्या बिलात बसली?'

या प्रश्नाचे उत्तर शोधल्यावाचून मला गत्यंतर नव्हते. गंमत म्हणजे ते उत्तर पदार्थविज्ञानातच आहे. आपण पहिल्याच पानावर पुस्तक मिटतो, म्हणून ते आपल्याला भेटत नाही. १४७० जूल हा आकडा हंड्याला काय मिळाले ते सांगतो. आजीचे काय गेले ते सांगत नाही. माणसाच्या स्नायूंत जी ऊर्जा खर्च होते, तिच्यातला चौथा-पाचवा हिस्साच बाहेरच्या कार्यात उतरतो. बाकीची अंगातच उष्णता होऊन घामावाटे बाहेर पडते. शिवाय ओझे नुसते तोलून धरले तरी स्नायूंचे तंतू आत सारखे आखडत-सैलावत असतात आणि ऊर्जा जाळत असतात. म्हणून सपाट वाटेवर हंड्यावर घडलेले कार्य शून्य असले, तरी आजीच्या अंगातला खर्च शून्य नसतो. फळ्यावरचे शून्य हे हंड्याच्या खात्यातले शून्य. आजीचे खाते निराळ्या पानावर असते.

ते पान उघडायला माणसाला फार उशीर लागला. उष्णता म्हणजे वस्तूतून वस्तूत वाहणारा एक सूक्ष्म द्रवपदार्थ आहे, अशी समजूत एकोणिसाव्या शतकापर्यंत होती. १८४० साली युलियस रॉबर्ट मायर नावाचा एक तरुण जर्मन डॉक्टर डच जहाजावरून जावा बेटाकडे गेला. तिथे खलाशांच्या शिरेतून रक्त काढताना ते त्याला नेहमीपेक्षा अधिक लाल दिसले. त्याने विचार केला की उष्ण प्रदेशात शरीर ऊबदार ठेवायला कमी अन्न जाळावे लागते, म्हणून रक्तातला प्राणवायू कमी खर्च होत असावा. म्हणजे अन्न, ऊब आणि श्रम ही एकाच गोष्टीची तीन रूपे! १८४२ मध्ये त्याने हा विचार छापला, पण बराच काळ त्याच्याकडे कोणी लक्ष दिले नाही. त्याच दशकात इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळ जेम्स प्रेस्कॉट जूल हा बिअर गाळणाऱ्या घरातला मुलगा निराळ्या वाटेने तिथेच पोचला. खाली उतरणाऱ्या वजनांच्या जोरावर त्याने पाण्यात वल्ही फिरवली आणि पाणी किती तापते ते मोजले. तापमानातली वाढ अगदी किंचित, पण माणूस चिकट. वजन किती उतरले की पाणी किती तापते याचे प्रमाण त्याने पुन्हा पुन्हा ताडून पाहिले. आज त्याच्याच नावाने आपण ऊर्जा मोजतो. १८४७ साली हेल्महोल्ट्झ याने हा नियम गणितात मांडला. ऊर्जा निर्माण होत नाही आणि नाहीशीही होत नाही, ती फक्त रूप पालटते.

हा नियम पाहायला प्रयोगशाळेत जाण्याची गरज नाही. गिरणीतून दळण आणताना डबा पोटाशी धरला की पीठ गरम लागते. मोटार दगड फिरवते, दगड दाणे भरडतो, आणि घर्षणात गेलेली वीज पिठात ऊब होऊन बसते. आजीच्या जात्यावरचे पीठ असे तापत नसे, कारण ती ते काम हळूहळू, पहाटेच्या दोन-दोन तासांत पसरून करी. जूल तेवढेच असले तरी वेग निराळा. इथेच ऊर्जा आणि शक्ती यांतला फरक कळतो. शक्ती म्हणजे दर सेकंदाला किती जूल. तिचे माप वॅट. दिवसाला दोन हजार कॅलरी जेवणाऱ्या माणसाचा हिशेब केला तर तो चोवीस तासांत सुमारे ८४ लाख जूल खर्च करतो, म्हणजे जवळजवळ शंभर वॅट. तुम्ही, मी आणि आमचे प्राचार्य, आपण सारे शंभर वॅटचे दिवे आहोत. उजेड कुणाचा किती पडतो, हा प्रश्न वेगळा.

आता कोणी विचारील की ऊर्जा जर नष्टच होत नाही, तर 'ऊर्जा वाचवा' अशा पाट्या भिंतीवर कशाला? हा प्रश्न आमच्या वर्गातही निघाला होता. याचे उत्तर देताना सरांनी शंभराच्या नोटेचे उदाहरण घेतले. नोट मोडली, सुटे पैसे झाले आणि ते जत्रेत शंभर हातांत विखुरले. पैसा नष्ट झाला नाही, पण आता त्या पैशातून धोतरजोडी घेता येईल का? ऊर्जेचेही असेच. वीज, उंचावरचे पाणी, कोळसा या मोठ्या नोटा. त्यांतून काम निघते. शेवटी सगळ्यांची कोमट ऊब होते आणि ती हवेत विखुरते. ती असते, पण कामाची राहत नाही. कोळशाच्या वीजकेंद्रात कोळशातल्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्साच वीज होतो. उरलेली ऊब हवेत आणि पाण्यात जाते. जुना साठ वॅटचा पिवळा दिवा तर उजेडाच्या नावाखाली बहुतेक उष्णताच देई. आज तेवढाच उजेड नऊ-दहा वॅटचा एलईडी देतो. वाचवायची असते ती ऊर्जेची ही ऐपत.

उष्णता किती महाग पडते ते हंड्याच्याच मापाने सांगते. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४१८० जूल लागतात. हंडाभर पाणी आंघोळीसाठी वीस अंशांनी तापवले, तर साडेबारा लाख जूल गेले. तेवढ्या ऊर्जेत तोच हंडा आजीच्या विहिरीतून साडेआठशे वेळा वर काढता येतो. वसतिगृहात गीझरच्या पाण्यासाठी सकाळी आमची जी भांडणे होतात, ती किती मोठ्या रकमेची असतात हे आम्हा मुलींना तरी कळायला हवे! चुलीवर तर गणित याहून अवघड. साध्या चुलीत लाकडाच्या ऊर्जेतले दहातले आठ-नऊ भाग भांड्याला न लागता धुरात, भिंतीत आणि स्वयंपाक करणारीच्या डोळ्यांत जातात.

मग ही सगळी रक्कम मुळात येते कुठून? मागे मागे जात राहिले की बहुतेक वाटा सूर्याशी पोचतात. आजीच्या हातातला जोर भाकरीचा, भाकरी बाजरीची, आणि बाजरीच्या पानाने तो जोर उन्हातून घेतला. सरपण म्हणजे काही वर्षांचे साठवलेले ऊन. चंद्रपूरचा कोळसा म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींनी पुरून ठेवलेले ऊन; ते आपण एका पिढीत जाळतो आणि त्याच्या धुराने हवामान बिघडवतो. पाटणजवळच्या पठारांवर पवनचक्क्या फिरतात, कारण ऊन जमीन सगळीकडे सारखी तापवत नाही आणि म्हणून वारा सुटतो. धरणातले पाणीसुद्धा सूर्यानेच समुद्रातून उचलून सह्याद्रीवर आणून टाकलेले. केवढा हा रहाट, आणि त्याला दोरही दिसत नाही! या घराण्याबाहेरची म्हणजे भूगर्भातली उष्णता, भरती-ओहोटी आणि अणूतली ऊर्जा. अणुऊर्जेपासून वीज करणारे देशातले पहिले केंद्र १९६९ साली आपल्याच तारापूरला सुरू झाले.

आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला मात्र वीज म्हटले की कोयना आठवते. १९६२ पासून तिथे वीज निघते आहे आणि चारही टप्पे मिळून क्षमता सुमारे १९६० मेगावॅट आहे. शिवाजीसागराचे पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेकडे, कोकणाच्या अंगाला सोडले जाते. पोफळीला ते साधारण पावणेपाचशे मीटर खाली पडते. इथेही आपले हंड्याचेच गणित लागू पडते. हजार लिटर पाणी एवढ्या उंचीवरून पडले की सुमारे साडेसेहेचाळीस लाख जूल, म्हणजे सव्वा युनिटाच्या आसपास. थोडी घट धरली तर टनभर पाणी आणि एक युनिट हे प्रमाण लक्षात ठेवायला सोपे आहे. तिकडे टनभर पाणी उतरते आणि इकडे माणमध्ये पंप पाणी चढवतो. पंपातली आणि नळातली घट धरून दुप्पट वीज लागली असे मानले, तरी एका युनिटात बाराशे हंडे चढतात.

हे वाचायला फार सुंदर आहे. परंतु पाणी उंचावर अडवले म्हणजे ते कुठे तरी साचते, आणि जिथे साचते तिथे गावे असतात. कोयनेच्या खोऱ्यातली गावे उठली. माणसे साताऱ्यात इकडेतिकडे गेलीच. शिवाय सांगली, सोलापूर, रत्नागिरी, रायगड, ठाणे अशी पांगली. जमिनीचे आणि पुनर्वसनाचे कित्येकांचे प्रश्न पन्नास वर्षांनीही सुटलेले नव्हते. २०१८ साली ही माणसे कोयनानगरला आंदोलनाला बसली होती. धरणासाठी उठलेल्यांच्या नातवंडांना धरणे धरून बसावे लागले! ही गोष्ट नवी नाही. १९२१ साली मुळशीच्या शेतकऱ्यांनी टाटांच्या वीजधरणाविरुद्ध सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट यांना लोक 'सेनापती' म्हणू लागले ते त्याच लढ्यापासून. सत्याग्रह मोडला, धरण झाले, आणि १९२७ पासून मुळशीच्या पाण्यावर भिऱ्याला वीज तयार होऊ लागली. ती मुंबईकडे गेली.

माझ्या गावच्या पंपात कोयनेची वीज किती आणि चंद्रपूरच्या कोळशाची किती, हे कोणी सांगू शकणार नाही. तारांच्या जाळ्यात सगळी वीज एकत्र होते. पण त्या विजेने आमच्या घरात काय केले ते मी सांगू शकते. माझी आत्या हुशार होती. ती चौथीत असताना आजीला पाठोपाठ दोन बाळंतपणे झाली, आणि आत्याच्या हातातली पाटी जाऊन कमरेवर कळशी आली. ती कळशी लग्नापर्यंत उतरली नाही. मी जन्मले तेव्हा नळ येऊन काही वर्षे झाली होती. मी आत्याहून अधिक हुशार आहे असे आमच्या घरात कोणीच म्हणत नाही. मीही म्हणत नाही. आत्या आणि माझ्यामध्ये फरक आहे तो रोजच्या वीस हंड्यांचा. माझी पहिली इयत्ता, दहावी आणि आता हे बी.ए.चे वर्ग, या सगळ्यांखाली कुठे तरी टनावारी पडणारे पाणी आहे, आणि त्या पाण्याखाली कुणाचे तरी शेत आहे. ऊर्जा शून्यातून निर्माण होत नाही, हा नियम मी पुस्तकात वाचला. त्याचा अर्थ मला असा कळला.

म्हणून मला वाटते, ऊर्जेचे प्रकरण शास्त्र शाखेच्या हवाली करून आपण मोकळे होऊ नये. तिचे जूल मोजायला ते समर्थ आहेत, आणि त्यांचा हिशेब कधी चुकत नाही. जमा आणि खर्च पैपर्यंत जुळतात. पण खर्च कुणाच्या नावावर पडला आणि जमा कुणाच्या, हा रकाना त्यांच्या वहीत नसतो. तो भरण्याचे काम इतिहासाचे, अर्थशास्त्राचे, साहित्याचे, म्हणजे आपले आहे. आणि आपल्या वह्याही अजून कोऱ्याच आहेत. २०११ च्या जनगणनेत नुसते घरकाम करणाऱ्या बाईची नोंद 'काम न करणारी' अशीच झाली. फळ्यावर हमालाच्या कार्याला शून्य मिळते त्याला निदान काटकोनाचे कारण आहे. या दुसऱ्या शून्याला कोणता कोन आहे?

आजीला हा फरक व्याख्येवाचून ठाऊक आहे. १९७२ च्या दुष्काळात ती सरकारी कामावर खडी फोडायला जात असे. तिथे संध्याकाळी मुकादम खडीचे माप घेई, आठवड्याला मजुरी हातात पडे. खडीवरून परत आल्यावर ती विहिरीवर जाई. विहीर आटलेली असे, तळाशी बसून वाटीवाटीने पाणी भरावे लागे. ती सांगते, 'खडीचं माप झालं, पान्याचं न्हाई झालं. खडी सरकारची हुती, पानी घरचं.'

तिच्या पाण्याचे माप मी आता घेतले आहे. दोन लाख एकोणीस हजार हंडे, बत्तीस कोटी जूल, नव्वद युनिटांना थोडे कमी. पुढच्या महिन्यात वीजबिल हातात येईल तेव्हा युनिटांच्या रकान्याकडे तुम्हीही जरा थांबून पाहा, आणि त्या आकड्याला २४५० ने गुणून पाहा. तेवढे हंडे आपल्यासाठी कोणी तरी, कुठे तरी, आपल्या न कळत ओढले आहेत.